तुम्ही नक्की कुणाकडचे?

जगात मी दोन प्रश्नांना घाबरतो. ‘यंदा कुणाला?’ हा एक आणि ‘सध्या काय बघताय?’ हा दुसरा. तब्येत विचारा, पगार विचारा, वजन विचारा, सांगतो, वजन दोन किलो कमी करून सांगतो पण सांगतो. हे दोन प्रश्न आले की मात्र माझं फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखं होतं, कारण विचारणारा खुर्ची जवळ ओढून अगदी गोड हसत विचारतो आणि त्याच्या डोक्यात उत्तर आधीच लिहून तयार असतं, माझी फक्त सही घ्यायची राहिलेली असते.

खरी अडचण अशी की माझी मतं सेटमध्ये येत नाहीत. लोकांची मतं कशी सोफासेटसारखी असतात, मोठा कोच घेतला की दोन खुर्च्या आणि टीपॉय सोबत आलंच. एखाद्याचं टॅक्सबद्दल काय म्हणणं आहे एवढं कळलं की भाषा, पर्यावरण, शिक्षण, झालंच तर कुठला नट उगाच डोक्यावर चढवलाय इथपर्यंत त्याची सगळी मतं न विचारता सांगता येतात. माझा संसार मात्र जुन्या बाजारातून एकेक नग उचलून आणल्यासारखा. एका बाबतीत या पक्षाचं पटतं, दुसऱ्या बाबतीत त्या पक्षाचं, तिसऱ्या बाबतीत दोघांचंही पटत नाही आणि चौथ्या बाबतीत मला खरंच काही कळत नाही, पण ‘मला कळत नाही’ हे उत्तर म्हणून कुणी धरतच नाही, लोकांना वाटतं मी लपवतोय. करमणुकीचंही तेच. तीन मिनिटं नुसता खिडकीबाहेरचा पाऊस दाखवणारा, कृष्णधवल, सबटायटलवाला सिनेमा मला मनापासून आवडतो, आणि हिरो एका हाताने ट्रक उलटा करतो तो सिनेमाही मला मनापासूनच आवडतो. ढोंग कुठेच नाही हो.

पण हे सांगायचं कुणाला? एकदा ऑफिसात चौथ्या मजल्यावर बोलता बोलता मी त्या पावसाच्या सिनेमाबद्दल बोललो. समोरचा म्हणाला, ‘सबटायटल वाचत बघता? अच्छा. अच्छा.’ इथे एक गोष्ट लक्षात घ्या, एकदा ‘अच्छा’ म्हणजे माहिती मिळाली, दोनदा ‘अच्छा’ म्हणजे फाईल बंद. त्या दिवसापासून चौथ्या मजल्यावर मी एका पक्षाचा कट्टर समर्थक झालो, म्हणजे त्यांनी मला करून टाकलं. दुसऱ्या मजल्यावर तोवर ट्रकवाल्या सिनेमाची बातमी पोचलेली होती, तिथे अकाउंट्सच्या माणसाने पाठीवर थाप मारून ‘म्हणजे आपल्यातलेच की!’ म्हणत मला त्यांच्या पक्षात घेतलं. दोन मजले, दोन पक्ष, आणि मी मधल्या तिसऱ्या मजल्यावर बसतो. तसं चाललं होतं सुखात. पण लिफ्ट एकच आहे ना. एके दिवशी दोघंही एकदम लिफ्टमध्ये शिरले आणि दोघांनीही माझ्याकडे बघून समोरच्याच्या विरोधात डोळा मारला. मी वरच्या पंख्याकडे बघत राहिलो. लिफ्टचा पंखा इतक्या बारकाईने मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, त्याला चार पाती आहेत आणि एक किंचित वाकडं आहे.

अशा प्रसंगांसाठी माणसाने तयार उत्तरं जवळ बाळगावीत म्हणतात. माझ्याकडे दोन आहेत. सिनेमाबद्दल ‘फोटोग्राफी छान होती’ आणि राजकारणाबद्दल ‘सगळेच सारखे हो’. यातलं पहिलं अजून चालतं. कितीही रटाळ सिनेमा असू द्या, फोटोग्राफी छान होती म्हटलं की कुणी वाद घालत नाही, कारण कॅमेरा कुणी धरला होता ते कुणालाच माहीत नसतं. दुसरं मात्र अजिबात वापरू नका. एका घरगुती समारंभात दोन काका एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात असताना मी समेट करायला म्हणून ‘सगळेच सारखे’ म्हटलं, तर दोघं एका सुरात ‘सारखे कसे?’ म्हणत माझ्यावर आले. वीस वर्षांत त्यांचं कुठल्याच मुद्द्यावर एकमत झालं नव्हतं, ते माझ्या मूर्खपणावर झालं.

आणि फोटोग्राफीचा आधार तरी मी का घेतो? भित्रा आहे म्हणून, दुसरं काय. पण एकटा नाही, हे बरं वाटतं. १९५०च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसांना नुसत्या रेघा दाखवल्या होत्या, यातली कुठली रेघ या नमुन्याएवढी, इतकं सोपं. खोलीतले बाकीचे सगळे त्याचेच सांगून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं बोट दाखवायचे. बिचारा खरा माणूस आपल्या डोळ्यांनी बघत असूनही, चारातले जवळपास तीन जण निदान एकदा तरी त्यांच्यात सामील झाले. रेघ हो! रेघेच्या बाबतीत कुणाच्या भावना दुखावत नाहीत, रेघेचा फॅन क्लब नसतो. आता विचार करा, अकरा माणसं आहेत, अकराही डोळे पुसतायत, ‘काय सिनेमा होता!’ म्हणतायत, आणि मला इंटरव्हलनंतर झोप लागली होती. मी काय करणार? मीही रुमाल काढला. रुमाल नाकाला लावून ‘फोटोग्राफी...’ एवढंच म्हटलं तर मावशींना वाटलं माझा कंठ दाटलाय. त्याच प्रयोगात पुढे असं दिसलं होतं की खोलीतला फक्त एक जण जरी खरं बोलला तरी माणसाला बराच धीर येतो. मी आयुष्यभर त्या एका माणसाची वाट बघतोय, आणि मला दाट शंका आहे की तोही कुठेतरी नाकाला रुमाल लावून माझीच वाट बघतोय.

म्हणून गुप्त मतदान ज्यांनी काढलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. छापील मतपत्रिका, आडोसा आणि पेटी ही आजची पद्धत १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सुरू केली. ब्रिटनमध्ये तर १८७२ पर्यंत मतदाराने सगळ्यांदेखत उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं आणि कारकुनाने ते लिहून घ्यायचं अशी रीत होती, खाली जमीनदार उभा, सावकार उभा, आणि वर पुन्हा कुणी कुणाला मत दिलं त्याची छापील पुस्तकं निघायची, विकत मिळायची! मी त्या काळात असतो तर घसा बसल्याचं सोंग घेतलं असतं. मग कायदा झाला आणि ऑगस्ट १८७२ मध्ये पॉन्टिफ्रॅक्ट नावाच्या गावात पोटनिवडणुकीला पहिल्यांदा गुप्त मतदान झालं. तिथल्या पेटीला जे लाखेचं सील लावलं त्यावरचा शिक्का ज्येष्ठमधाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यातला होता, मला हे का लक्षात राहिलंय देव जाणे, पण मत आणि घसा या दोन्हींची सोय एकदम केल्यासारखं वाटतं.

तरीसुद्धा लोक बाहेर आल्यावर विचारतातच. १९९२ ला ब्रिटनमध्ये सगळे सर्व्हेवाले तोंडावर पडले, लेबर पक्ष बरोबरीत किंवा थोडा पुढे सांगत होते आणि कॉन्झर्व्हेटिव्ह, ज्यांना तिकडे टोरी म्हणतात, ते चांगले सातेक टक्क्यांनी पुढे निघाले. त्यात सर्व्हेच्याही चुका होत्या, पण नाव झालं ते ‘लाजऱ्या टोरीं’चं, म्हणजे मत देणारे पण तोंडाने न सांगणारे. मला टोरींच्या राजकारणाशी काही देणंघेणं नाही, पण ते लाजणं वाचून सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

असो. सांगायचं हे की मताला निदान आडोसा मिळाला. आवडीनिवडीच्या बाबतीत मात्र आपण अजून १८७२च्या आधीच आहोत, हे मला गेल्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये कळलं.

साडू आले होते. आमचे साडू म्हणजे पक्के, सोफासेटवाले, त्यात टीपॉयवरचं कव्हरसुद्धा मॅचिंग. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आणि त्यांच्या मते सहाशे वर्षांनी शहाणे. बायकोची बहीण, सासूबाई, त्यांची एक मैत्रीण असा सगळा गोतावळा. ट्रिपचे फोटो टीव्हीवर दाखवायचे म्हणून मी मोठ्या ऐटीत रिमोट घेतला, चुकीचं बटन दाबलं गेलं, आणि पन्नास इंची पडद्यावर ती ओळ उघडली. ‘पाहणे सुरू ठेवा’.

त्या ओळीत काय होतं ते मी क्रमाने सांगतो, आता लाज उरलेली नाही. पहिली एक डब केलेली मालिका, भाग ४१२, जिच्यातल्या नायिकेची स्मृती दुसऱ्यांदा गेलीय. दुसरी एक पुरस्कारविजेती डॉक्युमेंटरी, जी मी सगळ्यांना ‘बघाच’ म्हणून सांगत सुटलो होतो, तिच्याखाली लाल रेघ कशीबशी टिंबाएवढी, सहा मिनिटांची. आणि तिसरी एका नेत्याची दोन तासांची मुलाखत, लाल रेघ पार शेवटपर्यंत. आता हा नेता मला बघवत नाही. खरंच बघवत नाही, पण मी ती मुलाखत संताप करून घ्यायला बघितली होती, काही लोक जसं दुखरा दात जिभेने दाबत बसतात तसं. ते टीव्हीला कसं कळणार? त्याच्या हिशेबात राग आणि प्रेम दोन्ही मिनिटांतच मोजतात. उलट खाली त्याने प्रेमाने त्याच नेत्याची आणखी चार भाषणं मांडून ठेवली होती.

खोलीत शांतता. साडूंनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. ही तीन कामं त्यांनी इतक्या सावकाश केली की तेवढ्यात डॉक्युमेंटरीची उरलेली मिनिटं बघून झाली असती.

‘हे... यांची मुलाखत तुम्ही पूर्ण बघितलीत?’

‘रागाने बघितली,’ मी म्हटलं.

‘अच्छा,’ साडू म्हणाले. मी श्वास रोखला. ‘अच्छा.’

झालं, संपलं.

सासूबाई तेवढ्यात ‘ती बारीक रेघ म्हणजे काय रे?’ म्हणून विचारत होत्या आणि बायको त्यांना, सहा मिनिटं आई, सहा, असं निष्कारण स्पष्ट आवाजात समजावत होती. मला तेव्हा नेटफ्लिक्सची आठवण झाली. त्यांनी २०१७ मध्ये पाच तारे देण्याची सोय काढून टाकली आणि अंगठा आणला, कारण लोक डॉक्युमेंटरीला पाच तारे द्यायचे आणि रात्री बघायचे भलतंच, ज्याला स्वतःच तीन तारे दिलेत ते. म्हणजे तारे देताना लोक चारचौघांत बोलल्यासारखे वागत होते, तेही खोलीत एकटे असताना! हे मी सगळ्यांना सांगून जरा वातावरण बदलावं म्हणून तोंड उघडलं, पण साडूंची नजर बघून मिटलं.

जाताना ते बूट घालायला दारात थांबले, बाकीचे लिफ्टकडे गेले होते. लेस बांधता बांधता, मान वर न करता, त्यांनी अतिशय हळू आवाजात विचारलं, ‘तिला आठवलं का?’

‘कुणाला?’

‘अहो कुणाला काय. मी ३८८ वर आहे. पाण्यात पडली ती. आठवतं का तिला पुढे?’

माझा विश्वास बसेना. हा माणूस, जो मालिका बघणाऱ्यांमुळे देश मागे राहिला म्हणतो, तो कानात हेडफोन घालून रोज रात्री, घरात सांगतो बातम्या बघतोय म्हणून, आणि बघतो हे. मी म्हटलं, ‘सांगू?’ ते म्हणाले, ‘नको. सांगा. नको.’ मग लिफ्ट आली आणि बूट घालून ते सोफासेटवाले साडू होऊन ताठ निघून गेले.

त्यानंतर आमचं रात्रीचं फोनवर बोलणं सुरू झालं. इतकं की बायकोला संशय यायला लागला. तीन आठवडे इतके गोडीत गेले की काय सांगू, मला वाटलं मिळाला आपला माणूस, तो अ‍ॅशच्या खोलीतला. आणि मग ४१९ वा भाग आला, ज्यात थोरला भाऊ सगळ्यांची फसवून कागदांवर सही घेतो. साडू फोनवर म्हणाले, ‘बघितलंत? अगदी तुमच्या नेत्यासारखा वागतो की नाही हा?’

तो नेता माझा नाही, हे मी त्यांना तिसाव्यांदा सांगितलं. पण मग मलाही राहवलं नाही, म्हटलं, ‘उलट मला तर तो हुबेहूब तुमच्या साहेबांसारखा वाटला, ते भाषण करून रडणं, मग सगळ्यांना मिठ्या मारणं.’ पलीकडे शांतता. मग ते म्हणाले की थोरल्याचं मुळात काही चुकलेलंच नाही, परिस्थितीच तशी होती. मी म्हटलं पाचच मिनिटांपूर्वी तो तुम्हाला लबाड वाटत होता. ते म्हणाले तेव्हा तो तुमचा होता. त्यावर आवाज चढले, जुन्या निवडणुका निघाल्या, कुणाच्या तरी लग्नातला अपमान निघाला, आणि फोन आपटला गेला, त्यांनी का मी ते आता आठवत नाही.

चार दिवस बोलणं बंद होतं. काल रात्री साडेअकराला त्यांचा मेसेज आला, ‘४२६ एकट्याने बघू नका.’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ४२५ चालू आहे.