पेशंटच्या भाषेतलं वैद्यक

डॉक्टरकी मराठीतून शिकवावी की इंग्रजीतून, हा वाद मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढल्यापासून आपल्याकडे अधूनमधून पेट घेतो. एक बाजू म्हणते, जपान-जर्मनी आपापल्या भाषेत शिकतात, मग आम्हीच का नाही? दुसरी म्हणते, पुढचं शिक्षण, संशोधन, परदेशातल्या परीक्षा सगळं इंग्रजीत, मग पोरांचं नुकसान का करायचं? दोघांच्याही डोळ्यांसमोर विद्यार्थी आहे. पेशंटबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मला तेच खटकतं.

मी हंगेरीत डेब्रेत्सेनला राहते. हंगेरियन प्रोटेस्टंटांमधल्या कॅल्व्हिनपंथीयांचं, म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या अनुयायांचं, हे मुख्य ठाणं. ‘कॅल्व्हिनचं रोम’ म्हणूनच हे शहर ओळखलं जातं. इथल्या मोठ्या चर्चच्या मागे १५३८ साली सुरू झालेलं त्यांचं कॉलेज आजही उभं आहे. या पंथाचा इतिहास आणि रोगराईचा इतिहास इथले अभ्यासक एकत्रच वाचतात. दुसरा इलाजही नाही, कारण धर्मगुरू, प्राध्यापक आणि वैद्य हे कितीदा तरी एकाच घरातले, कधी तर एकच माणूस असत.

मेलियुस युहास पेतेर हा इथला बिशप १५७२ मध्ये वारला. त्याचं ‘हर्बारियुम’ हे वनस्पतींवरचं पुस्तक १५७८ मध्ये कोलोझ्वारला, म्हणजे आजच्या रोमानियातल्या क्लुजला, छापलं गेलं. वनस्पती आणि औषधांवरचं हे पहिलं छापील हंगेरियन पुस्तक. झाडाचं नाव, त्याचा गुण उष्ण की थंड, पोटात घेतलं तर काय होतं, वरून लावलं तर काय होतं, अशी त्याची मांडणी. आजीच्या बटव्याला ओळखीचंच वाटावं असं पुस्तक, आणि लिहिणारा कोण, तर ख्रिस्ती त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सिद्धांतावर जाहीर वाद घालणारा धर्मपंडित!

पुढचं नाव पापाई पारिझ फेरेन्त्सचं. हा धर्मोपदेशकाचा मुलगा. हंगेरीत तेव्हा विद्यापीठाची वैद्यकशाखाच नव्हती (ती नॉज्सोम्बॉतच्या, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या त्रनावाच्या, कॅथलिक विद्यापीठात १७६९ मध्ये निघाली), त्यामुळे प्रोटेस्टंट मुलं बाझेल, उत्रेख्त, हाले अशा परदेशी विद्यापीठांच्या गावी जात. फेरेन्त्स बाझेलला डॉक्टर झाला आणि परत येऊन नॉज्येनेदच्या (हेही आज रोमानियात) कॉलेजात शिकवू लागला. सगळी विद्या लॅटिनमधून घेतलेल्या या माणसाने १६९० मध्ये ‘पाक्स कॉर्पोरिस’ लिहिलं. नाव तेवढं लॅटिन, आतला मजकूर हंगेरियन. शरीरातल्या रोगांची कारणं काय, ते कुठे घर करतात, त्यांवर उपाय काय, हे त्याने डॉक्टर ज्यांच्या आवाक्यात नाही अशा गरिबांसाठी सांगितलं. पुढचं शतकभर हे पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. त्याला वाचक मिळाला, कारण घरोघरी बायबल आपल्या भाषेत वाचायचं हा या पंथाचा आग्रह होता आणि १५९० पासून अख्खं बायबल हंगेरियनमध्ये छापील मिळत होतं. वाचणारं घर आधी तयार झालं, औषधाचं पुस्तक मागून आलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते डेब्रेत्सेनमध्येच अठराव्या शतकात घडलेलं. बाझेलहून शिकून आलेला प्राध्यापक हॉत्वानी इश्त्वान याने १७५७ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात संभाव्यतेचं गणित मांडताना याच शहरातल्या अर्भकमृत्यूंचा हिशेब घातला. त्यानंतर तीनच वर्षांनी वेस्प्रेमी इश्त्वान या डॉक्टरचं बालसंगोपनावरचं छोटं पुस्तक आलं आणि १७६६ मध्ये सुइणींसाठीचं, दोन्ही हंगेरियनमध्ये. एकाने मोजलं, दुसऱ्याने आईला आणि सुईणीला समजेल असं लिहिलं. पहिल्याचं पाहून दुसऱ्याने लिहिलं असा माझा दावा नाही. पण एकाच गावात, दहा वर्षांच्या आत, या दोन्ही गोष्टी घडल्या.

याचं सोनं करून सांगण्यात अर्थ नाही. त्या पुस्तकांतलं बरंचसं वैद्यक आज टिकत नाही. रोगराई हा देवाचा कोप, ही शिकवणही त्याच प्रवचनपीठांवरून दिली गेली. आणि हंगेरीत सरकारी कारभाराची भाषा १८४४ पर्यंत लॅटिनच होती. म्हणजे विद्येची भाषा बदलायची वाट पाहत ही माणसं बसली नाहीत. शिकले लॅटिनमधून, लोकांना सांगितलं लोकांच्या भाषेत.

आजही इथल्या विद्यापीठात परदेशी मुलं वैद्यक इंग्रजीतून शिकतात, त्यांत आपल्याकडची मुलंही आहेत. पण हंगेरियन शिकल्यावाचून त्यांची सुटका नाही, कारण वॉर्डातल्या म्हातारीला इंग्रजी येत नाही. लातूरकडचा एक मुलगा खाटेशी वाकून ‘होल फाय?’, कुठे दुखतंय, असं विचारताना मी पाहिला आहे. आजीबाई त्याचे उच्चार सुधारत पोटावर हात ठेवून सांगत होत्या.

आणि आपल्याकडे? माझ्या आईला एका शहरातल्या हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा हाती आलेलं डिस्चार्ज कार्ड नखशिखांत इंग्रजीत होतं. गोळ्यांपुढे ‘बीडी’, ‘टीडीएस’, म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा. संमतीपत्रावर तिने सही केली होती, कशाला ते तिला ठाऊक नव्हतं. आई शाळेत मराठी शिकवायची. रोज हरिपाठ वाचणारी बाई स्वतःच्या आजाराचा कागद वाचू शकत नाही, याचा मला संताप येतो.

मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद झाली. १८४५ च्या ग्रँट मेडिकल कॉलेजपासून डॉक्टरकी इंग्रजीतून शिकवली जाऊ लागली. तो निर्णय उलटवायला निघालो तर आणखी पन्नास वर्षं भांडत बसू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आधी गावोगावचे बालमृत्यू मोजले, मग गावातल्याच बायकांना त्यांच्या बोलीत नवजात बाळाची काळजी शिकवली. नवजात मृत्यू किती घटले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. त्यासाठी एमबीबीएसचं पुस्तक मराठीत यायची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून शिक्षण खुशाल इंग्रजीतून राहू द्या. पण डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्र आणि औषधाच्या वेळा मराठीत देणं प्रत्येक हॉस्पिटलला सक्तीचं करा. आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पेशंटला त्याचा आजार मराठीत समजावून सांगण्याला गुण ठेवावेत, ज्यात नापास झालं तर परीक्षा पुन्हा द्यावी लागेल असे.