नऊ इंचांच्या आत

सुरी घ्यायची म्हणतोय, असं बेळगावात चारचौघांत बोलून बघा. "कुठली?" असं कुणी विचारत नाही. "कुणासाठी गा?" असं विचारतात. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजीही नसते. त्याच्या मनात दोन-तीन नावं आधीच तयार असतात.

मला हवी होती कांद्यासाठी. कांदा, टोमॅटो, आलं, मटण, दोरी, दुधाची पिशवी आणि चूल पेटवायला लागतील तेवढ्या काटक्या, एवढाच माझा शत्रुपक्ष. पाऊस सरला की आमचा घोळका रात्रीच्या मुक्कामाला बाहेर पडतो. कधी जांबोटीकडे कुणाच्या शेतात, कधी चंदगड तालुक्यात पाहुण्यांच्या काजूच्या बागेत. सामानाची ददात नाही. तंबू आहेत, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आहेत, एकाकडे तर हवा भरायची उशी आहे. पण चिरायची वेळ आली की सगळे एकमेकांचे खिसे चाचपतात आणि कुठल्यातरी पिशवीच्या तळातून लाल मुठीची ती सुरी निघते. तिची धार कधी होती हे कुणाला आठवत नाही. टोमॅटोवर ठेवली की टोमॅटो आधी खचतो, मग पिचकतो, शेवटी आपल्या मर्जीनं फुटतो.

मधल्या काळात एकानं घडीचा चाकू आणला होता. खिशात मावतो, पेरू कापायला झकास. पण मटणाला लावल्यावर त्याच्या बिजागरीत चरबी जाऊन बसली, आणि त्यानंतर तो चाकू उघडण्याआधी वासानंच ओळखू यायला लागला. शिवाय जोर लावताना पातं बोटांवर मिटेल ही धास्ती असते ती वेगळीच. तेव्हा मुठीत पक्कं बसवलेलं, न मिटणारं पातं घ्यायचं, ज्याला दुकानात फिक्स्ड ब्लेड म्हणतात, इथपर्यंत माझा विचार स्वच्छ होता. मग मी तो घरी बोलून दाखवला.

"इळी हाय न्हवं घरात?" आई म्हणाली.

आता याला उत्तर नाही. विळीइतकं फिक्स्ड पातं जगात कुठं असणार? ते जागचं हलतच नाही, भाजीच त्याच्याकडे चालत जाते. दोन्ही हात मोकळे, बोटांना अंदाज येतो, आणि ढीगभर कांदा ती बसल्या बैठकीला संपवते. पण ती न्यायची कशी? पोत्यात गुंडाळली तरी पातं वर येतंच. बसायला सपाट जागा लागते, पाटावर पाय ठेवावा लागतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांना मांडी घालून बसलं की उठवायला माणूस लागतो. हे सगळं आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग कांदा इथनंच चिरून न्या." मी विषय बदलला.

सुरी निवडायची तर अभ्यास करावा म्हणून मी रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघू लागलो. त्यातले लोक कांदा चिरतच नाहीत. बर्फातून चालत येतात, पाच मिलिमीटर जाडीचं पातं ओंडक्यावर उभं धरतात आणि दुसऱ्या दांडक्यानं त्याच्या पाठीवर दणके घालून ओंडका फोडतात. या प्रकाराला बॅटनिंग म्हणतात. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या वाटेला हा प्रयोग करून बघावा. निम्मा ओंडका फुटेपर्यंत कुणीतरी गावकरी येऊन उभा राहील, थोडा वेळ बघेल, मग कमरेच्या आकडीतला कोयता काढून दोन घावांत काम संपवेल आणि वर "कुठले पाव्हणं?" म्हणून विचारेल.

त्याहून भारी सुऱ्या असतात त्यांच्या पाठीला करवतीचे दात असतात, मूठ पोकळ असते आणि पोकळीत होकायंत्र, गळ, दोरा आणि काड्या. मूठ पोकळ म्हणजे पात्याचं शेपूट आत जेमतेम बोटभर गेलेलं. जोर पडला की सुरी तिथंच मोडते. मग एका हातात पातं आणि दुसऱ्यात होकायंत्र घेऊन माणसानं जायचं कुठं? म्हणून जाणकार फुल टँग घ्या म्हणतात, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग असलेली. फक्त चिरण्यापुरतीच वापरायची असेल तर त्यावाचून अडत नाही, पण हे त्या व्हिडिओंखाली लिहायची सोय नाही. लगेच कुणीतरी अस्वल आणून उभं करतो.

जाडीचं मात्र मनावर घ्या. पाच मिलिमीटरचं पातं कांदा कापत नाही, फोडतं. गाजर तर तडकन दुभंगतं आणि एक तुकडा शेजाऱ्याच्या चहात जातो. धार कितीही लावा, धारेच्या मागून येणारं लोखंड पाचरीचंच काम करणार. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या जगभरचे मुक्कामवाले वापरतात, त्यातल्या एका खपाऊ सुरीचं पातं अडीच मिलिमीटर आहे आणि तेवढ्यावर तिकडच्या जंगलात लोकांचं भागतं. आपल्याला काजूच्या बागेत त्याहून जास्त कशाला लागतंय?

लांबीचं गणित सोपं होतं. चार इंच. तीन इंचांत कोबी कापताना सुरी कोबीच्या पोटात हरवते, सहा इंचांची आल्याचं साल काढताना अंगठ्याशी सलगी करते. पण लांबीचा विषय मी शेजारच्या सुभेदारकाकांसमोर काढला. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला माणूस. चार इंच ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेन्सिलीला टोक करायचं यंत्र मागितलं असावं. "खुकरी घे," ते म्हणाले. "गोरख्यांच्याकडं बघितलीय मी. एका घावात—" पुढचं वर्णन मी इथं देत नाही, पण त्यात कांदा नव्हता.

मी कायदा काढला. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं यादीत घातली आहेत, आणि त्यात खुकरी आणि कृपाण यांचा नावानिशी उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं तेवढी वगळली आहेत. म्हणजे ऊसतोडीचा कोयता चालतो, आईची विळी चालते. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग साडेआठ इंची घे."

भीमगडच्या बाजूला जायचं आमच्यातल्या एकाच्या फार मनात होतं. तिथं तर चार इंचीही चालत नाही. २०११ पासून ते अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, फास, सापळे यांच्या पंगतीत सुरीही बसवलेली आहे. लेखी परवानगीशिवाय ती घेऊन आत पाऊल टाकता येत नाही. ज्या रानासाठी सुरी घ्यायची त्याच रानात ती न्यायची नाही! पण जंगलात कोण काय घेऊन शिरतं हे बघता कायदा बरोबरच आहे, आणि कांदा काजूच्या बागेतही चिरता येतो.

आता राहिलं पोलाद. आमचे भाऊजी उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कठीण करायच्या, कारखान्यात असतात. त्यांच्यापुढं पोलाद हा शब्द काढू नये. काढला की जेवण थंड होतं. "अठ्ठावन्न एचआरसी पाहिजे," ते म्हणाले. हे रॉकवेलच्या यंत्रावर मोजलेलं काठिण्य. साधारण छप्पन ते साठमध्ये चांगली सुरी बसते. त्याच्या खाली धार लवकर वळते, पण पायरीच्या दगडावर घासली तरी परत येते. वर गेलं की धार टिकते, पण हाडावर आपटली तर कपची उडते. मला हे पटलं. पण भाऊजींना ते मोजून दाखवायचं होतं. मी आणीन ती सुरी यंत्राखाली घालून टिंब पाडून बघू म्हणाले. नव्या सुरीवर टिंब! अजून मुलगी बघितली नाही तोवर तिची हाडं मोजायला निघालेला असा सासरा मी पाहिला नव्हता.

पण कार्बन की स्टेनलेस, या वादात त्यांचा उपयोग झाला. कार्बनच्या पोलादाला धार सुरेख चढते, पण कांदा, लिंबू, आमसूल लागलं की ते काळं पडतं, आणि ओलं राहिलं तर सकाळपर्यंत तांबूस होतं. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं म्हणून ते सहसा गंज धरत नाही. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळा सरला तरी हवेत ओल राहतेच. तिथं कार्बनची सुरी नेणाऱ्यानं रोज रात्री ती पुसायची, तिला खोबरेल लावायचं आणि मगच स्वतः झोपायचं. आमच्या घोळक्यात भांडी घासायला कुणी तयार नसतं, सुरीची चंपी कोण करणार? चामड्याचं म्यानही त्याच कारणानं बाद. दिसतं रुबाबदार, पण ओल धरतं आणि आतल्या आत पात्याला गंजवतं. प्लॅस्टिकचं म्यान कुरूप असतं, पण धुता येतं.

तरीही एकदा लोहाराकडे जाऊन आलोच. आपल्या मातीतली सुरी असावी असं वाटतं माणसाला. भात्यापाशी ट्रकच्या कमानीचे पाटे रचलेले होते. स्प्रिंगचं पोलाद, भाऊजींच्या भाषेत ईएन पंचेचाळीस. कोयत्या-कुऱ्हाडीला याहून चांगला माल नाही. तापवून ठोकायचं, पाणी पाजायचं, आयुष्यभर वापरायचं. मी चार इंच लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असं सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"काय करूलालाय त्यानं?"

"कांदा."

"कांद्याला पाटा कशाला मोडायचा? कोयता करून देतो की. कांदा बी चिरतोय, शेवगा बी छाटतोय, घरात पडून ऱ्हायला तर नातू वापरतोय."

त्यांचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की मी कोयता सांगून आलो. लाकडाला तोच हवा. ओंडका फोडायला जाड पातं आणि कांद्याला पातळ, ही दोन कामं एकाच सुरीनं करायचा हट्ट फक्त व्हिडिओतले लोक धरतात, कारण त्यांच्याकडे कोयता नसतो.

मग खडेबाजार. दुकानदारानं कानडी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बसवून माझ्यापुढं सात-आठ सुऱ्या मांडल्या. "हे बघा, छलो ऐत्रि, एकदम मजबूत." मी एकेक हातात धरून हवेत कांदा चिरून बघत होतो, गिऱ्हाइकं लांबून जात होती. तिथं एक गोष्ट लक्षात आली जी कुणी सांगितली नव्हती. या सुऱ्यांची मूठ आणि पातं एका रेषेत असतात. पाटावर चिरायला गेलं की धार पाटाला लागायच्या आधी बोटांची पेरं लागतात. स्वयंपाकघरातल्या सुरीची टाच खाली उतरलेली असते ती त्यासाठीच. उपाय एकच, पाटाच्या कडेला बसून मूठ बाहेर ठेवून चिरायचं. बोट घसरू नये म्हणून मुठीपुढं जो उंचवटा असतो तोही फार मोठा असला की पाटावर अडतो. मटणाचे हात असतील तेव्हा तो थोडासा हवाच, पण थोडासाच.

रंगावरून बरोबरच्या मित्राशी वाजलं. त्याला लष्करी ठिपक्यांची मूठ हवी होती. काजूच्या पाल्यात ती सुरी एकदा पडली की पुढच्या हंगामात सापडायची. मी भडक नारिंगी घेतली. १९५६ पासून या भागात एक प्रश्न लोंबकळतोय, दुसरा नको, म्हणून तिथल्या तिथं पैसे दिले.

नेमकी खंडेनवमी आली. आईनं विळी, भाऊजींचा पाना, लोहाराकडून आलेला कोयता आणि माझी सुरी एका ओळीत मांडून हळदकुंकू लावलं. स्टेनलेस पातं पुसलं गेलं, नारिंगी मुठीच्या खाचांतली हळद अजून निघालेली नाही. पूजा झाल्यावर मी सुरी मागितली तर आईनं हातात दिली नाही, पाटावर ठेवली. हातात दिली की भांडणं होतात.

सीमोल्लंघन आमच्याकडे खरोखरीचं असतं. बेळगावातून निघालं की वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला महाराष्ट्र लागतो. त्या दिवशी अलीकडे नाकाबंदी होती. पोलिसानं मागचं दार उघडलं, पिशवी उचकली, आणि नारिंगी मूठ वर आली.

"इदु एनरी?"

"सुरी, साहेब. उळ्ळागड्डी हेच्चाक." कांदा चिरायला, हे माझ्या कानडीत.

त्यानं ती म्यानातून काढली, वीत लावून मोजली, धार नखावर टेकवून बघितली. मी मनातल्या मनात नियम म्हणत होतो. मग त्यानं दुसरी पिशवी उघडली. वरपर्यंत कांदा.

"एवढं कोण चिरणार?" हे तो मराठीत म्हणाला.

गाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. ज्याची सुरी नवी त्यानं चिरायचं, असा ठराव त्यांनी मला न विचारता कधीच करून ठेवला होता. पोलिसानं माझ्याकडे बघितलं, कांद्याकडे बघितलं, सुरी म्यानात घालून बॉनेटवर ठेवली.

"एवढ्याला इळी आणायची की ओ, साहेब."