हेलिपॅडची जबाबदारी एकट्या पायलटवर का टाकता येत नाही

नमस्कार.

शाळेच्या मैदानांवर होणाऱ्या तात्पुरत्या हेलिपॅडबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. हेलिकॉप्टर येण्याआधी मैदान तपासून धोके नोंदवावेत, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी उगाच भीती घालतोय, जोखीम-मूल्यांकन, म्हणजे काय बिघडू शकतं ते आधी तपासून तक्त्यात लिहिणं, हे नुसते कागदी घोडे, उतरायचं की नाही हे शेवटी पायलटच ठरवतो, आणि पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी एवढा खटाटोप कोण करणार. पायलटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

जागा पसंत पडली नाही तर पायलट परत फिरू शकतो, हे खरं. पण त्याला वरून दिसतं काय? उतरण्याची जागा दाखवायला चुन्याने काढलेला इंग्रजी एच, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी म्हणजे विंडसॉक, कडेची गर्दी. विजेचे खांब दिसतात, पण दोन खांबांमधली तार मागच्या शेताच्या रंगात विरून जाते. टँकरने पाणी नीट मारलंय की वरवर शिंपडलंय, हे पंख्याचा झोत जमिनीला लागल्यावरच कळतं, आणि तोवर धुरळ्यात मैदानच दिसेनासं झालेलं असतं. आदल्या दिवशी मैदानावर फेरी मारणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही गोष्टी उघड दिसतात. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्याउडाल्या तारांना धडकून खाली आलं. सगळे वाचले म्हणून आपण ती बातमी विसरलो.

केरळातलं उदाहरण तर अगदी अलीकडचं. २२ ऑक्टोबर २०२५ ला प्रमाडम इथे राष्ट्रपतींचं हेलिकॉप्टर उतरलं आणि त्याची चाकं नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटमध्ये रुतली. हवामानामुळे उतरण्याची जागा ऐनवेळी बदलली होती, घाईघाईत काँक्रीट टाकलं होतं. शेवटी पोलीस आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी हेलिकॉप्टर ढकलून बाहेर काढलं. काँक्रीट किती तासांचं आहे, हे पायलटने हवेतून कसं ओळखावं? ते फक्त ओतणाऱ्यालाच माहीत होतं.

आता कागदी घोड्यांबद्दल. तक्ते भरताना ‘गर्दी – जोखीम कमी’, ‘तारा – जोखीम कमी’ असं एका बैठकीत, मैदानावर पाऊलही न टाकता लिहिलं जातं, हे मलाही मान्य आहे आणि त्याचा मला संताप येतो. पण तक्त्यामागचा विचार साधा आहे. धोका घडण्याची शक्यता एक ते पाच अशी मोजायची, घडला तर नुकसान किती ते वेगळं मोजायचं, आणि मग दोन्ही एकत्र बघायचं. क्वचितच घडेल पण घडलं तर माणसं मरतील, अशा गोष्टीसमोर ‘कमी’ लिहून पुढे जाता येत नाही, एवढ्यासाठीच ही दोन मोजमापं वेगळी ठेवलेली आहेत.

‘आजवर काही झालं नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या डेरिफर्ड रुग्णालयाचं प्रकरण म्हणूनच सविस्तर सांगतो. तिथलं हेलिपॅड पक्कं, त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बांधलेलं. शेजारीच रुग्णालयाचं वाहनतळ. ४ मार्च २०२२ ला तिथे तटरक्षक दलाचं एस-९२ हे मोठं, स्वतःसकट एकूण वजन जवळपास बारा टनांपर्यंत जाणारं हेलिकॉप्टर उतरत होतं. पंख्यांखालून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताने वाहनतळातल्या ८७ वर्षांच्या बाई फेकल्या गेल्या, डोक्याला मार लागून त्यांचा मृत्यू झाला. आणखी एक महिला जबर जखमी झाली. हेलिकॉप्टरला काहीही झालं नव्हतं. चौकशीत निघालं की वाहनतळातल्या लोकांना या झोतापासून असलेला धोका ओळखलाच गेला नव्हता. त्याआधीही झोताच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या, पण दर वेळी उपाय झाला तो तेवढ्यापुरता. म्हणजे इशारे मिळत होते, आणि त्यांचा हिशोब ‘काही झालं नाही’ याच खात्यात धरला जात होता.

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला २ जानेवारी २०२३ ला एकाच कंपनीची दोन हेलिकॉप्टरं, एक उडताना आणि एक उतरताना, हवेत धडकली, चौघे गेले. तिथे आधीच्या काळात हेलिपॅडची मांडणी आणि हेलिकॉप्टरं दोन्ही बदलली होती, पण या बदलांमुळे कोणता नवा धोका तयार झाला ते पुरेसं तपासलं नव्हतं.

पाच वर्षांतून एकदाच येतं, म्हणून तर मला जास्त काळजी वाटते. मुंबईत जुहूच्या विमानतळावर, जिथे हेलिकॉप्टरांची रोज ये-जा असते, रोजची माणसं आहेत, त्यांना कुठे उभं राहायचं ते माहीत असतं. गावात बंदोबस्तावरचा शिपाई नवा, हार घेऊन उभे असलेले कार्यकर्ते नवे. कुणाची टोपी उडते आणि तो तिच्यामागे धावतो. शेपटीकडचा छोटा पंखा वेगात फिरताना जवळजवळ दिसत नाही. केदारनाथच्या हेलिपॅडवर २३ एप्रिल २०२३ ला त्याच पंख्याने एकाचा जीव घेतला, आणि ते उत्तराखंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचेच अधिकारी होते. या क्षेत्राशी रोजचा संबंध असलेल्या माणसाचं असं होतं, तर हार घेऊन पुढे पळणाऱ्या पोराचं काय?

उतारावर उतरलेल्या हेलिकॉप्टरजवळ चढाच्या बाजूने जायचं नाही, कारण तिकडे वरचा पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. मंडपाचं कापड, ताडपत्र्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या झोताच्या टप्प्यातून आधीच हलवायच्या. पंखे पूर्ण थांबेपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही, स्वागतालासुद्धा. याला खर्च येत नाही. मैदानावर ‘थांबा’ म्हणायचा अधिकार असलेला आणि तो वापरणारा एक माणूस मात्र लागतो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला: अपघातातला रुग्ण तडफडत असताना तक्ता भरत बसायचं का? मुळीच नाही. म्हणूनच तालुक्यात एकदोन मैदानं आधीच, निवांतपणी पाहून ठेवावीत आणि तारा, झाडं, उतार, रुग्णवाहिका आत येण्याची वाट नोंदवून ठेवावी. शेजारी नवा मोबाइल टॉवर आला की ती नोंद पुन्हा तपासावी. तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावच्या मैदानावर गेल्या निवडणुकीत हेलिकॉप्टर उतरलं होतं. त्यानंतर मैदानाच्या कडेने नवी वीजवाहिनी गेली आहे का, आणि गेली असेल तर ते कुणी कुठे लिहून ठेवलंय का, एवढं विचारून कळवाल का?