घर तिथंच आहे, मतदारसंघ मात्र तीनदा बदलला

मागच्या रविवारी लेकीचा मतदार नोंदणीचा फॉर्म भरायला बसलो होतो. नुकतीच अठरा पूर्ण झालीये, त्यामुळे उत्साह प्रचंड. भरता भरता तिने विचारलं, "आई, आपला खासदार कोण गं?" आणि मला पटकन सांगता आलं नाही, फोन काढून बघावं लागलं. मला फार लागलं ते. मी वाईजवळच्या गावात वाढलेली, आमच्या ग्रामपंचायतीचे सगळे मेंबर मला शाळेत असताना तोंडपाठ होते, आणि इथे दहा वर्षं न चुकता मत देऊनही लेकीला एक नाव सांगता येऊ नये?

पण मग शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की दोष माझ्या स्मरणशक्तीचा नाहीये. आम्ही २००९ पासून नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबोरोला राहतो, त्याच घरात. तेव्हा आमचं घर १२ नंबरच्या मतदारसंघात होतं, २०१६ ला १३ मध्ये गेलं, २०२० ला ६ मध्ये आणि २०२४ ला आणखी तिसऱ्याच नंबरात. पत्ता तोच, पत्रपेटी तीच, थंडी पडली की घरात आणायची तुळशीची कुंडीसुद्धा तीच. हलली ती फक्त नकाशावरची रेघ, आणि ती आपोआप हलली नाही, दर वेळी कोणीतरी रॅली नावाच्या आमच्या राजधानीत कॉम्प्युटरसमोर बसून ती हलवली.

इकडच्या राजकारणाशी संबंध नाही अशा मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि मग हाऊसच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, ४३५ जागांचे मतदारसंघ नव्याने आखले जातात. बहुतेक राज्यांत ते आखतं कोण, तर राज्याची विधानसभाच, म्हणजे ज्या पक्षाचं बहुमत तो पक्ष. आमच्या राज्यात तर गव्हर्नरला या नकाशावर व्हेटोसुद्धा नाही. समोरच्या पक्षाची मतं एक तर दोन-तीन मतदारसंघांत कोंबून टाकायची म्हणजे तिथे ते भरघोस मतांनी जिंकतात पण बाकी सगळीकडे हरतात, नाहीतर एखादं शहर फोडून त्याचे तुकडे आजूबाजूच्या ग्रामीण भागाला जोडायचे म्हणजे शहराचा आवाज कुठेच पुरत नाही. याला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा, म्हणजे पालीच्या आकाराच्या एका प्राण्यासारखा दिसत होता, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे रोग दोनशे वर्षं जुना आहे, पण तेव्हा अंदाजाने रेघ मारायचे, आता एकेका गल्लीत कोण कोणाला मत देतं याचा डेटा घेऊन मारतात.

आणि गल्ली मी उगाच म्हणत नाहीये. आमच्या गावात नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी नावाचं विद्यापीठ आहे, कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं, आज तशा विद्यापीठांमध्ये देशात सगळ्यात मोठं. १९६० च्या फेब्रुवारीत इथलेच चार विद्यार्थी डाउनटाऊनमधल्या वूलवर्थच्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि तिथून देशभर सिट-इनची चळवळ पेटली. २०१६ च्या नकाशाने याच विद्यापीठाच्या कॅम्पसमधून रेघ नेली. लॉरेल स्ट्रीटच्या एका बाजूची हॉस्टेलं ६ मध्ये, दुसऱ्या बाजूची १३ मध्ये. मी त्या रस्त्यावर मुद्दाम चालत गेले होते, साधा दोन लेनचा रस्ता आहे हो, मुलं पाठीवर बॅग घेऊन इकडून तिकडे क्लासला जातात. पुढच्या वर्षी हॉस्टेलची खोली बदलली की मुलाचा मतदारसंघ बदलायचा. आणि दोन्हीकडे रिपब्लिकनच निवडून यायचे, कारण हजारो विद्यार्थ्यांची मतं बरोबर मधोमध चिरलेली.

हे लपूनछपून झालं असंही नाही. नकाशा आखणाऱ्या समितीतले आमदार डेव्हिड लुइस यांनी २०१६ मध्ये समितीच्या बैठकीत उघड सांगितलं होतं की १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट येतील असा नकाशा करू या, कारण ११ आणि २ असा करणं शक्य आहे असं मला वाटत नाही. राज्य कसं आहे, तर जवळजवळ अर्धं-अर्धं! २०२४ ला याच राज्याने ट्रम्पना मत दिलं आणि त्याच दिवशी डेमोक्रॅट गव्हर्नर निवडला.

आता डेमोक्रॅट धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. आमचा जुना १२ नंबर ९२ साली आखला तेव्हा विधानसभा त्यांचीच होती. तो हायवेच्या कडेकडेने सापासारखा अडीचशे किलोमीटर पसरलेला होता, एक आमदार म्हणाले होते की इंटरस्टेटवरून गाडीची दोन्ही दारं उघडी ठेवून गेलात तर मतदारसंघातली बहुतेक माणसं दाराखाली येतील. त्यामागे कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून यावा हा हेतू होता आणि जवळपास नव्वद वर्षांनी या राज्यातून तसे खासदार गेलेही, त्याबद्दल मला आदरच आहे. पण इलिनॉयचा आजचा नकाशा बघा. इलिनॉयमध्ये १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅट्सच्या. तिथल्या रिपब्लिकन माणसाला काय वाटत असेल ते ए अँड टीच्या पोरांना विचारा, नेमकं तेच वाटत असेल.

मग माणूस म्हणतो, कोर्ट आहे ना. मलाही तसंच वाटायचं. आणि इथेच जजांच्या नेमणुकीचा विषय येतो, जो लोकांना वेगळाच वाटतो पण तो वेगळा नाहीच.

२०१६ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचे जस्टिस स्कॅलिया अचानक गेले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, त्याला मंजुरी सिनेटने द्यायची असते. सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं, त्यांचे नेते मिच मॅकॉनल म्हणाले निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू दे, आणि २९३ दिवस त्या माणसाची साधी सुनावणी घेतली नाही. नाकारलं असतं तरी चाललं असतं, पण विचारलंच नाही! पुढे ती जागा ट्रम्पनी नेमलेल्या गॉर्सच यांना मिळाली, त्यासाठी नेमणूक मतदानाला यायला शंभरपैकी साठ मतं लागतात हा सिनेटचा नियम रिपब्लिकनांनी मोडला. (खालच्या कोर्टांसाठी तोच नियम २०१३ मध्ये डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी मोडला होता, हेही सांगायलाच पाहिजे.) आणि २०२० ला जस्टिस गिन्सबर्ग सप्टेंबरमध्ये गेल्या तेव्हा निवडणुकीला दीड महिना होता, तरी एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक निवडणुकीच्या आठ दिवस आधी ५२ विरुद्ध ४८ ने झाली. जनतेला ठरवू दे म्हणणारे तेच, तोंडं तीच. कधीकाळी स्कॅलिया ९८-० ने आणि गिन्सबर्ग ९६-३ ने आले होते, हे आज लेकीला सांगितलं तर तिला खरं वाटत नाही.

तर गार्लंड यांच्याऐवजी गॉर्सच बसले याने आम्हा ग्रीन्सबोरोकरांना काय फरक पडला? जून २०१९ ला रूचो विरुद्ध कॉमन कॉज या खटल्याचा निकाल लागला. तो आमच्याच नकाशाचा खटला होता, लॉरेल स्ट्रीटवाल्या. मेरीलँडचा डेमोक्रॅट्सनी केलेला नकाशाही त्यातच होता. निकाल ५ विरुद्ध ४. जस्टिस रॉबर्ट्स म्हणाले की असे नकाशे अन्यायकारक वाटू शकतात, पण हा राजकीय प्रश्न आहे, फेडरल, म्हणजे केंद्राचं, कोर्ट यात पडणार नाही. त्या पाचांत गॉर्सच होते. जस्टिस केगन यांनी विरोधातलं मत देताना शेवटी लिहिलं की आदर राखून पण अत्यंत दुःखाने मी असहमत आहे. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते वाचलं आणि बराच वेळ वर जावंसंच वाटलं नाही.

राज्यातली गोष्ट तर याहून उघडी आहे. आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे सातही जज लोकांनी निवडून द्यायचे असतात, आठ वर्षांसाठी, आणि बॅलटवर नावापुढे पक्ष लिहिलेला असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये या कोर्टाने ४-३ ने सांगितलं की पक्षपाती नकाशा आमच्या राज्यघटनेविरुद्ध आहे, कारण तिच्यात लिहिलंय की सर्व निवडणुका मुक्त असतील. त्या वर्षीची निवडणूक कोर्टाने दिलेल्या नकाशावर झाली आणि निकाल काय, ७-७. अर्ध्या-अर्ध्या राज्याचा अर्धा-अर्धा निकाल! पण त्याच नोव्हेंबरमध्ये जजांच्या दोन जागा फिरल्या, कोर्ट रिपब्लिकनांकडे ५-२ झालं, त्यांनी तोच खटला परत ऐकला आणि एप्रिल २०२३ मध्ये आधीचा निकाल उलटवला. घटनेतला एक स्वल्पविराम बदलला नव्हता, फक्त खुर्च्यांवरची माणसं बदलली होती. त्या पाचांतले एक जज फिल बर्गर ज्युनियर, आणि ज्यांचा नकाशा कोर्टासमोर होता त्या राज्य सिनेटचे नेते फिल बर्गर, त्यांचे वडील! गावाकडे पोराला बापाच्या भांडणात पंच म्हणून कोणी बसू देईल का?

मग नवा नकाशा आला, आमची गिलफर्ड काउंटी तीन मतदारसंघांत फोडली, २०२२ ला निवडून आलेल्या डेमोक्रॅट खासदार कॅथी मॅनिंग उभ्याच राहिल्या नाहीत आणि ६ नंबरमध्ये डेमोक्रॅट्सना उमेदवारसुद्धा देता आला नाही. ७-७ चे १०-४ झाले. आणि एवढ्यावरही भागलं नाही, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जनगणना नाही काही नाही, तरी अकरावी जागा मिळावी म्हणून परत रेघ हलवली.

माझ्या माहेरी बांधाचं भांडण होतं. भावकीतले एक जण दर पावसाळ्याआधी नांगरताना बांध वीतभर कोरायचे. वडील तक्रार करायचे, ते म्हणायचे बांध आहे तिथंच आहे. पाच-सहा वर्षांत एक सरी गेली आमची. शेवटी वडिलांनी मोजणी आणली, सरकारी माणूस साखळी घेऊन आला, दोन्ही घरं उन्हात उभी राहिली आणि त्याने हद्दीचा दगड रोवला. वडिलांना मिळायला पाहिजे होतं तेवढं मिळालं नाही, पण भांडण मिटलं, कारण मोजणारा दोघांपैकी कोणाचाच नव्हता. भारतात लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ आखायला परिसीमन आयोग असतो, अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, आमदार-खासदार फक्त मत मांडू शकतात, मतदान करू शकत नाहीत. त्यातही त्रुटी आहेत, आणि महापालिकेत काय होतं ते मुंबईकरांनी बघितलंय, एका सरकारने २२७ चे २३६ वॉर्ड केले आणि दुसऱ्याने परत २२७, आणि २०२२ ला व्हायची निवडणूक २०२६ उजाडेपर्यंत लटकली. जिथे रेघ सत्तेच्या हातात तिथे हेच होणार, मग ते दादर असो की ग्रीन्सबोरो.

यावरून दिवाळीनंतर माझं आणि माझ्या दिराचं चांगलंच वाजलं. भाऊजी सॅन होजेला असतात. २०२५ मध्ये ट्रम्पनी मागितलं आणि टेक्सासने पाच जागा वाढाव्यात म्हणून मधेच नकाशा बदलला, तिथले डेमोक्रॅट आमदार कोरम मोडायला राज्य सोडून इलिनॉयला जाऊन बसले तरी उपयोग झाला नाही. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने त्याच नोव्हेंबरात लोकांचं मत घेऊन प्रॉप ५० नावाचा प्रस्ताव आणला, म्हणजे स्वतःच्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवायचा आणि आपल्या पाच जागा वाढवायच्या. भाऊजींनी हो म्हणून मत दिलं. म्हणाले, "वहिनी, समोरचा दगड मारतोय, आपण किती दिवस हात जोडून उभं राहायचं?" मला त्यांचा राग समजतो, माझ्याच तर शहराचे तीन तुकडे झालेत! पण मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुमच्याकडे मोजणीवाला होता. १४ साधी माणसं, ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ कुठलेच नाहीत. आम्ही इथे त्याच्यासाठी झुरतोय आणि तुम्ही त्याला घरी पाठवलंत." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "२०३० ला परत येईल तो." येईल का? हातात आलेली रेघ कोणी आपणहून सोडल्याचं मी तरी अजून बघितलेलं नाही.

सोडली नाही, पण घ्यायला नकार दिलेला मात्र बघितला, आणि तोही २०२५ च्या डिसेंबरमध्ये इंडियानात. तिथे ५० पैकी ४० सिनेटर रिपब्लिकन, वरून प्रचंड दबाव, काहींच्या घरी खोटे कॉल करून पोलिस पाठवले गेले, आणि तरी ३१-१९ ने नकाशा पडला, २१ रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं. त्या माणसांशी माझं बाकी कशावरच पटणार नाही बहुतेक. पण त्या रात्री मी भाऊजींना तो आकडा पाठवला आणि त्यांचा लगेच फोन आला, "वहिनी, एकवीस?" एवढंच विचारलं त्यांनी, दोनदा.

मला विचाराल तर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करावा, प्रत्येक राज्यात स्वतंत्र आयोग, दहा वर्षांत एकदाच नकाशा, दोन्ही पक्षांना सारखा. आणि सुप्रीम कोर्टाच्या जजांना १८ वर्षांची ठरलेली मुदत, म्हणजे कोण कधी मरतं यावर देशाचा कायदा टांगलेला राहणार नाही.

पण ते होईल तेव्हा होईल. इथल्या सिटिझन असलेल्या मराठी मंडळींना आत्ताचं सांगते, नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत राज्याच्या सुप्रीम कोर्टाची एक जागा आहे, अनिता अर्ल्स यांची. मत कोणालाही द्या, पण आपल्यातले कितीतरी जण वरची मोठी नावं भरतात आणि जजांचे रकाने ओळखीचं नाव नाही म्हणून कोरे सोडतात, मीही २०१६ ला सोडले होते. २०२४ ला याच कोर्टाची एक जागा ५५ लाख मतांमध्ये ७३४ मतांनी ठरली, हरलेल्या उमेदवाराने ६५ हजारांहून जास्त मतदारांच्या मतांवर आक्षेप घेतला आणि निकाल लागायला मे २०२५ उजाडलं.

लेकीने फॉर्मवर सही केलीये. जजांबद्दल कुठे वाचायचं ते विचारतेय, तर आज रात्री दोघी बसणार आहोत. कोणाला यायचं असेल तर या, चहा आणि कांदेपोहे आहेत.