‘मराठी माणूस पाय ओढतो’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

मराठी माणसाच्या उद्योजकतेविषयीचा एक मजकूर गेली कित्येक वर्षे थोड्याफार फरकाने फिरतो आहे. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, या गोष्टीने तो सुरू होतो आणि पुढे चार विधाने येतात. मराठी माणूस स्वभावतःच दुसऱ्याला वर येऊ देत नाही. नवे काही घडते ते मुंबई, पुणे किंवा बंगळूरमध्येच. जिल्ह्यातल्या तरुणाची अडचण फक्त भांडवलाची असते. आणि संघटना, क्लस्टर (एकाच व्यवसायातील उद्योगांसाठीची सामायिक केंद्रे), इन्क्युबेशन केंद्रे (नव्या उद्योगांना सुरुवातीला आधार देणारी केंद्रे) हा सगळा इमारती बांधण्याचा उद्योग आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना मनापासून वाईट वाटत असते, हे मला मान्य आहे. परंतु आपापल्या भागात उद्योजकांचे जाळे विणण्यात काही अर्थ नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो खरा मानून आपण जिल्ह्याजिल्ह्यांतील होतकरू मुलांचे नुकसान करत आहोत.

पहिले विधान स्वभावाचे. टोपलीची ही गोष्ट मुळात आपली एकट्याची नाही. फिलिपिन्सचे लोक ती स्वतःविषयी सांगतात आणि भारतातही इतर भाषकांमध्ये ती तितक्याच खात्रीने सांगितली जाते. जी गोष्ट प्रत्येक समाज स्वतःला लावून घेतो, तिने मराठी माणसाचे वेगळेपण सिद्ध होत नाही. पण केवळ तर्काने उत्तर देण्याची गरज नाही, कारण आपल्यासमोर द्राक्षबागायतदारांचे उदाहरण आहे आणि ते पुरेसे सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ साठ वर्षांहून जुना आहे आणि नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर अशा विभागांतून त्याचे काम चालते. त्याच्या चर्चासत्रांइतकेच महत्त्व शिवारफेरीला, म्हणजे एकमेकांच्या बागा पाहण्याला, आहे. वीस-पंचवीस बागायतदार एखाद्याच्या मांडवाखाली उभे राहतात, वेलीवर किती घड ठेवले ते मोजतात, मण्याची फुगवण पाहतात, आणि छाटणीनंतर कितव्या दिवशी जीए (मणी फुगवणारे संजीवक) दिले, डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी काय फवारले, हे थेट विचारतात. बागेचा मालक ते सांगतो, चुकलेलेही सांगतो. हे सगळे त्याच बाजारात माल विकणारे त्याचे स्पर्धक असतात. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेला तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी पुढे आणलेला सोनाका हे वाण प्रयोगशाळेत नव्हे, शेतकऱ्यांच्या बागेत सापडले आणि त्यांची लागवड पार नाशिकपर्यंत पोहोचली. प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचा प्रयोग परिवार हाही याच मातीतला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि ती इतर प्रयोगकर्त्यांना कळवायची, ही त्याची पद्धत होती, आणि तासगावच्या द्राक्षशेतीशी तिचे नाते जवळचे होते.

हे लोक स्वभावाने अधिक उदार होते, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या व्यवहाराची रचनाच अशी होती की माहिती दडवून कोणाचे भले होत नव्हते. 2010 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातील सीसीसीचे, अंश सापडले आणि निर्यातीला मोठा फटका बसला. काही बागांतील अंशामुळे सगळ्यांचा माल संशयित ठरतो, हे त्या हंगामाने शिकवले. शेजाऱ्याने काय फवारले, हा तेव्हापासून प्रत्येकाच्याच पोटाचा प्रश्न झाला आणि रासायनिक अंशांची तपासणी अधिक काटेकोर झाली. सहकार्य जेथे फायद्याचे असते तेथे तीच माणसे ते करतात, जेथे नसते तेथे करत नाहीत. म्हणून ‘पाय का ओढता’ असे विचारण्यापेक्षा या भागात एकमेकांना सांगण्याची सोय कोठे आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

नवे काही मोठ्या शहरांतच घडते, हे दुसरे विधान इतिहासाला धरून नाही. 1910 साली बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, आर्थिक मदतही केली, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे ना बंदर होते ना मोठी बाजारपेठ. रेल्वे होती आणि पाठीशी उभा राहणारा एक राज्यकर्ता होता. कोल्हापूरचे तर याहून बोलके आहे. तेल इंजिन आणि उसाच्या चरकाच्या दुरुस्तीतून तेथील कारागीर घडले आणि उद्यमनगरपासून शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत फौंड्रींचा, म्हणजे धातू ओतून सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यांचा, व्यवसाय पसरला. उद्यमनगरात एखादा नवा भाग बनवायचा असेल तर पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणारा, कास्टिंग ओतणारा आणि लेथवर काम करणारा काही गल्ल्यांच्या अंतरावर भेटतो. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेचे छिद्र, निघाले तर लेथवाला तो जॉब हातात घेऊन फौंड्रीत जातो आणि दोघे मिळून साच्यात हवा कोठे अडकली ते शोधतात. नवकल्पनेचा मोठा भाग असा घडतो, आणि त्यासाठी जवळीक लागते. शहराचा आकार लागत नाही.

आणि ज्या पुण्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते तरी आपोआप कोठे घडले? मराठा चेंबर या तेथील उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संघटनेची स्थापना 1934 मध्ये झाली, तेव्हा पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा अस्तित्वातही नव्हता. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेशन केंद्रही कोणीतरी जाणीवपूर्वक उभे केले, म्हणून तेथे विज्ञानावर आधारलेल्या नव्या कंपन्यांना उपकरणे वापरता येतात.

भांडवलाचे तिसरे विधान अर्धे खरे आहे. तारण नसलेल्या मुलाला बँक दारात उभी करत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एखादे यंत्र किंवा सुटा भाग बनवणाऱ्याला पैशाच्या आधी तीन गोष्टी लागतात: नमुना बनवण्यासाठी टूलरूम (साचे व हत्यारे बनवण्याची कार्यशाळा), तो पारखण्यासाठी प्रयोगशाळा आणि ‘दहा नग दे, वापरून पाहतो’ म्हणणारा पहिला ग्राहक. छत्रपती संभाजीनगरात 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यानंतर भोवती लहान पुरवठादार उभे राहिले. इंडो-जर्मन टूलरूम, मराठवाडा ऑटो क्लस्टर आणि उद्योजकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन स्थापन केलेले ‘मॅजिक’ हे इन्क्युबेशन केंद्र, असे आज तेथे आहे. ऑर्डर हातात असली की कर्जाचे बोलणे सोपे होते. ऑर्डर नसताना मिळालेले कर्ज अनेकदा घराला बुडवून जाते.

चौथ्या विधानात मात्र तथ्य आहे, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काचेच्या खोल्या, रंगीत खुर्च्या, उद्घाटनाची पाटी आणि दुपारी तीन वाजता एकही माणूस नाही, अशी केंद्रे अस्तित्वात आहेत. परंतु उद्योजकांचे जाळे असूनही ती केंद्रे अपयशी ठरली असे नाही. तेथे जाळे विणलेच गेले नाही. इमारतीला अनुदान मिळते, यंत्रांना मिळते, पण कोणता कारखानदार कोणत्या अडचणीत आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि पॉलिटेक्निकमधील मुलीला जो त्याच्या दारापर्यंत घेऊन जातो, त्या माणसाच्या पगाराची तरतूद बहुतेक ठिकाणी पहिल्या एक-दोन वर्षांतच संपते. संघटनांतही वर्षानुवर्षे तेच पदाधिकारी राहतात आणि निवडणुकीपलीकडे काम उरत नाही, हेही खरे आहे.

यावर उपाय केंद्रे बंद करण्याचा नाही, त्यांचा हिशेब वेगळ्या रीतीने मागण्याचा आहे. किती जणांनी प्रशिक्षण घेतले आणि किती चौरस फूट जागा तयार झाली, हे आकडे वार्षिक अहवालात असतातच. त्याऐवजी विचारावे की तपासणीचा अहवाल किती दिवसांत मिळतो, जिल्ह्यातील किती कारखान्यांनी आपली अडचण केंद्राकडे लेखी दिली, नव्या उद्योजकांपैकी किती जणांना स्थानिक कारखान्याकडून पहिली ऑर्डर मिळाली, आणि जोडून देणाऱ्या त्या माणसाचा पुढील पाच वर्षांचा पगार कोण देणार आहे. हे प्रश्न जिल्हा उद्योग केंद्राला, आपल्या औद्योगिक वसाहतीच्या संघटनेला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कोणीही लेखी विचारू शकतो.