सर्वानुमते गवत

आमची संस्था जमीन वाचवते. संस्थेच्या नावावर मात्र एक गुंठाही जमीन नाही. हे ऐकून लोक हसतात. हसू द्यावं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. 1948 चा कुळवहिवाट कायदा, कलम 63. संस्थेला ना आजा ना सातबारा, ती शेतकरी होणार कुठून? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढता येते. पण 'आम्हाला जमीन घेऊन तिथं काहीही करायचं नाही' हे अर्जातल्या 'प्रयोजन' या रकान्यात कसं लिहायचं, यावर आधीची अख्खी कार्यकारिणी भांडून निवृत्त झाली.

मी सचिव झालो तो या कलमाच्या कृपेनं. मोहोळ तालुक्यात आमच्या आजोबांची थोडी जिरायत आहे. तिच्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची पोरं अशी रांग लागून शेवटी मी उभा आहे. माझ्या वाट्याला बाज टाकण्यापुरती जागा येईल, तीही तिरकी. पण सर्वसाधारण सभेत खजिनदार अण्णा म्हणाले, "हे शेतकरी हैत की! घ्या यांना." मी 'पण' म्हणेपर्यंत टाळ्या संपल्यासुद्धा. आजतागायत त्या शेतकरीपणाचा संस्थेला काडीचा उपयोग झालेला नाही, कारण जमीन माझ्या नावावर घेतली तर ती माझी होते, संस्थेची नाही. हे समजायला वकिलाची फी लागली. ती अण्णांनी भरली आणि अजून विषय निघाला की माझ्याकडे बघतात.

सभा अण्णांच्या कारखान्यातल्या ऑफिसात होतात. पलीकडे टॉवेलचे माग चालू असतात. ज्यानं सोलापुरात चालू मागाशेजारी बसून सार्वजनिक हिताची चर्चा केली नाही, त्याला आमची लोकशाही कळणार नाही. अध्यक्ष सर काहीतरी मांडतात, ते कुणालाच ऐकू जात नाही, सगळे माना हलवतात, ठराव सर्वानुमते मंजूर. लाईट गेली की माग थांबतात आणि मतभेद सुरू होतात. म्हणून वादाचे विषय आम्ही लाईट असतानाच घेतो. गणपूर्ती कधीच होत नाही. तेव्हा नोटिशीतच लिहिलेलं असतं की सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेतली जाईल आणि त्या सभेस गणपूर्तीची गरज राहणार नाही. तो अर्धा तास कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही यांसाठी राखीव आहे. संस्थेचं खरं काम बघायचं असेल तर ते या अर्ध्या तासात बघावं.

काम काय, तर सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या बाजूचं थोडं खासगी माळरान आहे तसं राहू देणं. बस्स. मालकांशी बोलायचं, श्रावणापासून दिवाळीपर्यंत चराई थांबवायची, गवताचं बी खाली पडू द्यायचं, मग कापून न्यायला मोकळं करायचं. सोलापुरात पाऊस पडतो पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. तेवढ्यावर जंगल होत नाही, गवत होतं; आणि त्या गवतावर काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल, थंडीत दूरदेशाहून येणारे भोवत्या असा मोठा संसार चालतो. ज्याच्यासाठी हा भाग प्रसिद्ध झाला तो माळढोकही याच उघड्या रानाचा. मीटरभर उंच, नर बारा-पंधरा किलोपर्यंत भरणारा, जमिनीवरच एखादं अंडं घालणारा. त्याला चौफेर मोकळं दिसावं लागतं. मधे झाड उभं केलं की त्यावर कावळा बसतो, आणि कावळ्याला अंडं लगेच दिसतं.

म्हणजे आमच्या संस्थेचं मुख्य कार्य झाडं लावू न देणं हे आहे. आता हे तुम्ही कुणाला सांगून बघा. पर्यावरण म्हटलं की माणसाच्या हातात आपोआप कुदळ येते. शाळा येतात, बँका येतात, वाढदिवस येतात. "तुमचा एवढा माळ रिकामा पडलाय, पाचशे रोपं लावू की!" रिकामा नाही म्हटलं की समोरचा माळाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मग पैसे खाता कशात?"

मागं अक्कलकोट रोडवरचे एक कारखानदार देणगी द्यायला तयार झाले. ऐन मे महिन्यात त्यांना माळ दाखवायला नेलं. पारा चव्वेचाळीसच्या वर. दूरपर्यंत सगळं पिवळंधम्मक.

"हे तर वाळलंय की," ते म्हणाले.

"वाळलेलंच चांगलं असतं, साहेब."

"झाडं कुठाहेत?"

"नाहीत. ठेवलीच नाहीत."

त्यांनी डिकीतून वडाचं रोप काढलं. फोटोग्राफर सोबत होता. सर पुढे झाले आणि त्यांनी कुसळीचं लॅटिन नाव सांगायला सुरुवात केली. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. प्रत्येक गवताचं लॅटिन नाव पाठ, सदस्यांची मराठी नावं मात्र विसरतात. व्याख्यान संपेपर्यंत साहेबांच्या पायमोज्यांत इतकी कुसळं शिरली की रोपापेक्षा त्यांनाच आधार द्यावा लागला. शेवटी तडजोड निघाली: वड अण्णांच्या कारखान्याच्या आवारात लावायचा, आणि माळावर देणगीदारांच्या नावाचा फलक.

फलक लागला. दोन लोखंडी खांब, वर निळा पत्रा. महिनाभरात आमच्या कार्यकारिणीतल्या डॉक्टर मॅडमनी दुर्बिणीतून बघून फोन केला, की फलकावर कावळा बसतोय. 'पैल तो गे काऊ' मधलाच, पण बसून आजूबाजूच्या टिटव्यांची घरटी न्याहाळणारा. ज्या कावळ्यासाठी आम्ही झाड नाकारलं त्याला आम्हीच लोखंडी फांदी करून दिली होती. तातडीची सभा झाली. काढावा तर देणगीदार दुखावतात, ठेवावा तर टिटवी. त्या दिवशी दुर्दैवानं लाईट गेलेली होती, त्यामुळे चर्चा फार वेळ चालली. अखेर फलक खांबावरून उतरवून जमिनीवर आडवा ठेवायचं ठरलं. आता तो वाचायचा असेल तर विमानातून वाचावा लागतो. देणगीदारांना आम्ही 'आकाशातून दिसेल असा फलक' म्हणून कळवलं. ते खूश आहेत.

गावातला प्रश्न वेगळा आणि जास्त खरा. 1979 मध्ये माळढोकचं अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, सोलापूर आणि नगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावंच्या गावं, रस्ते, ऊस, सगळं आलं. पुढे छाटत छाटत बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं. पण इतकी वर्षं जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात ज्या पक्ष्याचं नाव आडवं आलं, त्या पक्ष्यावर गावानं प्रेम करावं ही अपेक्षा शहरात पंख्याखाली बसूनच करता येते. आम्ही नवीन असताना चावडीवर गेलो, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमचा पक्षी आमच्या सातबाऱ्यावर कोणत्या रकान्यात बसतोय, मालक?" या प्रश्नाला सरांकडे लॅटिन उत्तरही नव्हतं.

आमच्यात एक इंजिनिअर मुलगा आहे. पुण्याहून परत आलाय, उत्साह अजून उतरलेला नाही. त्यानं एकदा लॅपटॉप लावून सांगितलं की अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, 1891 सालापासून अशी प्रादेशिक संस्था आहे. तिथं जमीनमालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, पण तीवर बांधकाम करण्याचा हक्क लेखी करार करून कायमचा सोडून देतो. पुढे विकली तरी नवा मालक त्या कराराला बांधलेला. लक्ष ठेवायचं काम संस्थेचं, आणि संस्थेचे विश्वस्त आपल्यासारखेच बिनपगारी.

माग चालू होते तरी अण्णांना हे नेमकं ऐकू गेलं.

"म्हणजे जमीन माझी?"

"हो."

"पण प्लॉटिंग करायचं नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच."

"मग माझी कशी?" अण्णा म्हणाले. "आणि तुझं ते कायमचं म्हणतोस, त्याच्यावर भावांच्या सह्या कोण आणणार?"

हा शेवटचा मुद्दा अमेरिकेला सुचलेला दिसत नाही. सह्या ही जमीनसंवर्धनातली खरी दुर्मीळ प्रजाती आहे. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्यासाठी जुन्यांचे राजीनामे, नव्यांची संमतिपत्रं, ठरावाची प्रत. जुने एक उपाध्यक्ष लेकीकडे ह्यूस्टनला, दुसरे रुसून इथंच, शहरातल्या जुळे सोलापूर भागात. ह्यूस्टनची सही आठवड्यात आली. जुळे सोलापूरच्या सहीसाठी मला त्यांच्या नातवाच्या बारशाला, मग गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या गर्दीत, मग कंबर तलावावर सकाळच्या फेरीला गाठावं लागलं. तलावावर त्यांनी सही केली. पेन माझं होतं, ते घेऊन गेले.

या सगळ्यात माळाकडे बघतं कोण? तर मामा. धनगर आहेत, मेंढरं घेऊन पिढ्यान्पिढ्या त्याच रानातून जाणारे. कुठलं गवत कधी फुलोऱ्यावर येतं, लांडगीणीनं यंदा पिलं कुठल्या ओघळीत घातली, हे आमच्या कुठल्याही अहवालापेक्षा त्यांना आधी ठाऊक असतं. चराईबंदीचा आमचा सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. ते वळले की बाकीचे कळप वळतात. म्हणून यंदा मॅडमनी सुचवलं की मामांनाच कार्यकारिणीत घेऊ. कल्पना इतकी सरळ होती की ती इतकी वर्षं कुणाला सुचली नाही याचं कुणालाच नवल वाटलं नाही. ठराव सर्वानुमते. लाईट नसताना.

निरोप घेऊन मी माळावर गेलो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गवत काय तुमची मीटिंग बघून उगवतंय व्हय?"

"तसं नाही मामा. तुमचं मार्गदर्शन."

"मीटिंगला हजेरी किती देता?"

"काही नाही. सगळे मानसेवी आहेत."

"मग त्या दिवशी मेंढरं कोण बघणार?"

हा विषय मी पुढच्या सभेत ठेवला. माग जोरात चालू होते. सरांनी मान हलवली, मॅडमनी हलवली, इंजिनिअरनं लॅपटॉपमधून डोकं न काढता हलवली. सभेच्या दिवशी कार्यकारिणीतल्या एकानं पाळीपाळीनं मेंढरं राखावीत असं ठरलं, आणि अण्णा माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं: "हे शेतकरी हैत की!"

सभेच्या सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून एसटीला निघाले. काठी माझ्या हातात दिली, कुत्र्याला काहीतरी सांगितलं, मला काहीच सांगितलं नाही. चार पावलं गेले आणि वळले.

"मालक, एकशेबारा हैत. संध्याकाळी मोजून घेणार. तुमच्या त्या प्रोसिडिंग बुकात लिहून ठेवा."