क्रूझला निघालात? आधी बोटीत वागायला शिका

सीझन सुरू झालाय. मुंबई-गोवा क्रूझची पॅकेजेस, डिसेंबरच्या सुट्ट्या, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज नवा प्रश्न. खिडकीची खोली घेऊ की बाल्कनीची? रात्रीच्या पार्टीला काय घालायचं? जेवणात मासे असतात का? बोट हलायला लागली तर काय करायचं, किंवा धोक्याचा भोंगा झाला तर कुठे जायचं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर मधलं गाळा, पण ड्रिलचं, म्हणजे धोक्याच्या वेळच्या सरावाचं, तेवढं वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. जाहिरातवाल्यांनी ‘समुद्रावरचं पंचतारांकित हॉटेल’ म्हणून विकलं आणि आपण तसंच वागायला लागलो. हॉटेलात पटलं नाही तर मॅनेजरला बोलवा, भांडा, बॅग उचला आणि बाहेर पडा. बोटीवर बाहेर पडायला जागा नसते. तिथे कॅप्टनचा शब्द शेवटचा, आणि शेजारच्याने केलेल्या मूर्खपणाचा वाटा तुमच्याही पदरात पडणार. तिकिटाचे पैसे कितीही मोजलेले असोत.

खरं तर कोकणातल्या माणसांना हे सांगायची वेळ यायला नको होती. आमच्या आजीच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून आगबोटी धरल्या. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनारा गाठायचा. ट्रंका, फणस, पोरंबाळं सगळं त्या पडावात. आधी कोण उतरणार, कोण कुठल्या बाजूला बसणार हे तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, ठरवायचा आणि मामलेदार असला तरी निमूट ऐकायचा. कारण पाण्याने काय होतं ते घराघरात माहीत होतं. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. मग रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या, १९९८ पासून कोकण रेल्वे मुंबईपासून थेट धावू लागली. बोटीची सवय गेली आणि सवयीबरोबर शिस्तही.

आता ड्रिल. बोट सुटण्याआधी सगळ्यांना बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं हे दाखवतात. आमच्या बोटीवर त्या वेळी काय चाललं होतं सांगते. समोर एक पोरगी, असेल पंचवीसेक वर्षांची, जॅकेट अंगात घालून पट्टा कसा आवळायचा, शिट्टी कुठे असते, पाण्यात पडल्यावर पेटणारा दिवा कुठे असतो ते दाखवत होती. आणि पहिल्या रांगेतले एक काका तिच्याकडे पाठ करून बायकोचे फोटो काढत होते. त्यांच्या मागच्या कुटुंबातले चार जण खोलीतच झोपलेले, त्यांच्या नावाचा पुकारा तीन-तीनदा झाला. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “अहो, पैसे भरलेत आम्ही, हे कसलं नाटक?”

हे नाटक कशाला, ते ऐका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर गेली, ३२ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते चोवीस तासांत कधीही घेतलं तरी चालायचं आणि त्यांचं दुसऱ्या दिवशी ठरलेलं होतं. त्यानंतर नियम बदलला. आता नवे प्रवासी चढले की बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घ्यावंच लागतं.

तेव्हा एवढं करा. खोलीत शिरल्यावर दाराच्या मागे लावलेला नकाशा बघा. जमायची जागा कुठली ते पाहा आणि एकदा जिन्याने तिथपर्यंत चालत जाऊन या, लिफ्टने नाही. संकटात लिफ्ट वापरायची नसते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. मुलांना पाठ करून घ्या, त्यांना मजा वाटते. पोरांच्या मापाचं जॅकेट वेगळं असतं, खोलीत नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि कुणी पाण्यात पडताना दिसलं तर ओरडा, जवळचं गोल बोयं फेका आणि त्या माणसाकडे बोट दाखवत राहा. नजर एक क्षणही हलवायची नाही. लाटांमध्ये डोकं एकदा हरवलं की पुन्हा सापडणं फार कठीण असतं. मोबाइल काढून शूटिंग करणाऱ्याला मात्र बाजूला ढकललंत तरी चालेल.

लाँचमधून जाणाऱ्यांनी ‘हे मोठ्या बोटीचं झालं’ म्हणून सुटू नये. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. दिवसाउजेडी, मुंबई समोर दिसत असताना. जॅकेटला घामाचा वास येतो म्हणून ते मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी आपलं आपण ठरवावं.

बोट लागण्याबद्दल, म्हणजे बोटीत मळमळण्याबद्दल, सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. “आम्ही समुद्राकाठचे, आम्हाला नाही लागत” असं म्हणणारेच पहिल्या रात्री आडवे झालेले मी बघितले आहेत. एसटीच्या शेवटच्या सीटवर घाटात काय होतं ते आठवा. बोटीची दोन टोकं तशीच, आणि वरचे मजलेही. वरची महागडी खोली हलते जास्त. ज्याला त्रास होतो त्याने बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. स्वस्तही पडते. बंद खोलीत भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळत असते. दोघांचं पटत नाही, म्हणून मळमळतं. त्यामुळे खोलीत पडून मोबाइल बघत बसण्यासारखा वाईट उपाय नाही. बाहेर डेकवर या, वारा घ्या, क्षितिजाच्या रेषेकडे बघा. आलेपाकाच्या वड्या पर्समध्ये असू द्यात. उपाशीही राहू नका आणि तुडुंबही जेवू नका.

गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या आधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नाही. या गोळ्यांनी झोप येते, त्यावर दारू अजिबात नको. घरातल्या ज्येष्ठांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि उलटी येतेच आहे असं झालं तर कठड्याशी वारा पाठीवर घेऊन उभं राहा. वाऱ्याकडे तोंड करून काय होतं ते मांडव्याच्या लाँचमध्ये मागच्या बाकावर बसलेल्यांना विचारा.

जेवणाच्या हॉलबद्दल लिहावं तेवढं थोडं. ताटात सुरमईचे सहा तुकडे, त्यावर पास्ता, कडेला गुलाबजाम, आणि अर्धं ताट टाकून उठायचं. पैसे वसूल! बुफे बंद होत नाही हो, पुन्हा उठून घ्या. चिमट्याने घ्यायचे पदार्थ हाताने चाचपू नका, आणि हॉलमध्ये शिरताना साबणाने हात धुवा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. बोटींवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा बधत नाही, साबण-पाण्याने मात्र धुऊन जातो. तुम्हाला पोट बिघडल्यासारखं वाटलं तर लपवू नका, बोटीवरच्या डॉक्टरला सांगा. लपवणाऱ्या एका माणसामुळे शंभर जणांची सुट्टी संडासात जाते.

खोलीत वापरायची म्हणून इस्त्री, किटली, वायरचं एक्स्टेंशन आणू नका, घरीच ठेवा. तपासणीत काढूनच घेतात, कारण समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते. तीच गोष्ट बाल्कनीतल्या सिगरेटची. थोटूक खाली फेकलं की ते समुद्रातच पडतं असं नाही, वाऱ्याने खालच्या बाल्कनीतल्या टॉवेलवर जाऊन बसतं. २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ या बोटीच्या बाल्कन्या पेटल्या, त्याचं कारण असंच एक थोटूक असावं असा तपासाचा निष्कर्ष होता.

पहाटे दोनला कॉरिडॉरमध्ये ब्लूटूथ स्पीकर लावून नाचणाऱ्या तरुण मंडळींना माझा नमस्कार. भिंती पातळ असतात, बाळांनो.

कचऱ्याचं मला जरा लागतंच, कारण तो आमच्याकडे येतो. समुद्रात प्लॅस्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने कुठेही बंदी आहे, किनाऱ्यापासून कितीही दूर असलात तरी. तरी डेकवरून वेफर्सची पाकिटं उडतात. पावसाळ्यात उधाण आलं की गुहागरच्या, वेळणेश्वरच्या पुळणीवर बाटल्या, चपला आणि पाकिटांची ओळ लागते, ती आमची पोरं गोळा करतात. वेळासला कासवं जपणारे लोक काय म्हणत असतील! गेटवे-मांडवा लाँचवर सीगलना वेफर्स आणि गाठ्या भरवायची जी फॅशन आली आहे तीही थांबवा. हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी आहेत ते, मासे खाऊन जगतात. तळलेलं मीठ-मसाला त्यांच्या पोटात घालून तुमची रील होते, त्यांचं भलं होत नाही.

बोटीवरच्या कामगारांशी नीट बोला. “ए, इकडे ये” हे ऐकताना मला शरम वाटली. हाक मारायची तर दादा म्हणा, ताई म्हणा, किंवा छातीवर नाव लिहिलेलं असतं ते वाचा. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं बोटींवर काम करतात, महिनोन् महिने घरी येत नाहीत. तुम्ही ज्याच्यावर ओरडता तो तुमच्या शेजारच्या वाडीतला निघायचा. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, असा त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे उरलेल्या वेळात ते किती राबत असतील त्याचा हिशोब करा. टिपचे पैसे बिलात आधीच धरलेत का ते बघा, नसतील तर शेवटच्या दिवशी आठवणीने द्या.

किरकोळ पण महत्त्वाचं: मोठ्या बॅगा खोलीत पोचायला वेळ लागतो, म्हणून रोजची औषधं, ओळखपत्र आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. किनारा सुटला की नेटवर्क जातं. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बोटीवरचं समुद्री रोमिंग पकडून बिल येतं आणि मग ग्रुपवर रडारड. गोव्यात बोट मुरगावला लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर आहे आणि वाटेत ट्रॅफिक. परत चढायची वेळ बोट सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते, ती नीट विचारून घ्या. बोटीतर्फे काढलेली सहल उशिरा आली तर सहसा थांबतात. तुम्ही स्वतःच्या टॅक्सीने काजू घ्यायला गेलात तर थांबणार नाहीत.

आणखी एक तक्रार ऐकू येते, “कोकण काही दिसलंच नाही, नुसतं पाणी!” बरोबर आहे. बोट किनाऱ्यापासून लांबून जाते आणि बराचसा प्रवास रात्रीचा. कोकण पाण्यावरून बघायचंय तर क्रूझचे पैसे वाचवा आणि गाडीने फेरीबोटी करत खाली उतरा. आगरदांडा-दिघी, मग बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळची फेरी २००३ पासून चालू आहे आणि गुहागरकरांचं आयुष्य तिने सोपं केलंय. इथेही तेच नियम. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, हॉर्न वाजवू नका, पोरांना रॅम्पजवळ सोडू नका. गाडी कुठे लावायची ते खलाशी बोटीचा तोल बघून सांगतो, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

जंजिऱ्याला जाणाऱ्यांसाठी एवढंच. राजपुरीहून शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दरवाजाशी उतरताना होडी वर-खाली होत असते. खलाशी हात देईल तेव्हा त्याची बोटं नको, मनगट धरा, आणि त्यालाही तुमचं मनगट धरू द्या. होडी वर आली की एक पाऊल टाका, तो सांगेल तेव्हाच, सेल्फी स्टिक आधी पिशवीत टाकून. आणि चपला मागे पट्टा असलेल्या घाला. तिथल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उंच टाचा घालून उतरणाऱ्या वहिनींना धरायला दोन माणसं लागली होती.